लाकडातील पूर्वज : रोतोरुआची कोरीवकाम शाळा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रोतोरुआ हे नगर भूगर्भातील उष्णतेमुळे जगप्रसिद्ध झाले आहे. नगराच्या दक्षिण सीमेवर फाकारेवारेवा नावाचे खोरे असून तेथे जमिनीच्या भेगांतून अखंड वाफ निघत असते, डबक्यांतून चिखल रटरटत असतो आणि पोहुतू नावाचे उष्णोदकाचे कारंजे दिवसातून अनेक वेळा सुमारे ३० मीटर उंचीपर्यंत उसळते. देशोदेशीचे प्रवासी या खोऱ्यात येतात ते मुख्यतः हे कारंजे पाहण्यासाठी. परंतु त्याच आवारात, कारंज्यापासून थोड्या अंतरावर, लाकडी मोगरीचे एकसारखे ठोके ऐकू येतात. तेथे तरुण उमेदवार लांबलचक ओंडक्यांवर वाकून पटाशीने कोरीत असतात आणि प्रवासी त्यांच्या मागील सज्जातून ते काम पाहत असतात. ही न्यूझीलंडची राष्ट्रीय कोरीवकाम शाळा होय. १९६३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या न्यूझीलंड माओरी कला व हस्तव्यवसाय संस्थेचा ती एक विभाग आहे. या संपूर्ण आवाराला आता ‘ते पुइआ’ या नावाने ओळखले जाते.

एका देशाच्या संसदेने लाकूड कोरण्याच्या कलेसाठी स्वतंत्र कायदा करावा, तोही एकदा नव्हे तर चाळीस वर्षांच्या आत दोनदा, ही गोष्ट वरवर विलक्षण वाटते. माओरी समाजात कोरीवकामाचे स्थान काय होते आणि त्याची मध्यंतरी कोणती अवस्था झाली, हे पाहिले म्हणजे तिचा उलगडा होतो.

अंगण आणि सभागृह

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांवरून मोठ्या होड्यांतून येऊन सुमारे सातशे वर्षांपूर्वी ते या भूमीवर स्थायिक झाले. प्रत्येक कुळाचे एक ‘माराए’ असते. माराए म्हणजे मोकळे अंगण आणि त्यासमोरील सभागृह. गावची चावडी, देवळाचा सभामंडप आणि घरची ओसरी या तिन्हींचे काम आपल्याकडे वेगवेगळ्या जागी होते. माओरी माणसासाठी ते एकाच ठिकाणी होते. लग्न, तंटा, पाहुण्यांचा मुक्काम, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मृताला निरोप देणे, हे सारे तेथेच घडते.

कोरलेल्या सभागृहास ‘फारे फाकाइरो’ म्हणतात. ते केवळ सुशोभित घर नव्हे, तर कुळाच्या एखाद्या मूळ पुरुषाचे किंवा स्त्रीचे ते शरीरच मानले जाते, आणि त्याचे नावही बहुधा त्याच पूर्वजाचे असते. दर्शनी भागाच्या माथ्यावरील मुखवटा हा त्याचा चेहरा. तेथून दोन्ही बाजूंस उतरणाऱ्या कोरीव फळ्या हे त्याचे पसरलेले बाहू होत आणि त्यांच्या टोकांना बोटेही कोरलेली असतात. छपराचे आढे हा पाठीचा कणा, वासे या बरगड्या, मधला खांब हे हृदय. दरवाजातून आत शिरणारा मनुष्य पूर्वजाच्या कुशीत शिरतो. आतील भिंतींवर रांगेने उभे असलेले कोरीव खांब हे त्या पूर्वजाचे वंशज किंवा नातलग, आणि त्या खांबांच्या मधल्या जागेत स्त्रियांनी विणलेल्या जाळीदार नक्षीच्या चौकटी बसविलेल्या असतात. वाशांवर तांबड्या, काळ्या व पांढऱ्या रंगांत वळणदार वेली रंगविलेल्या असतात.

लिपी नसलेल्या समाजाने आपली वंशावळ अशा रीतीने घराच्या भिंतींवर मांडून ठेवली. वयोवृद्ध वक्ता भाषणास उभा राहिला की तो हाताने खांबांकडे निर्देश करीत पिढ्या सांगत जातो. रात्री पाहुणे त्याच खांबांच्या पायथ्याशी गाद्या घालून निजतात. दस्तऐवज, देवघर आणि धर्मशाळा यांचा असा मेळ क्वचितच कोठे आढळेल.

या कलेच्या उत्पत्तीविषयी पूर्व किनाऱ्यावरील न्गाती पोरोउ जमातीत एक कथा सांगितली जाते. रुआतेपुपुके याचा मुलगा समुद्रदेव तांगारोआ याने पळवून नेला. बाप मुलाच्या शोधात समुद्रतळाशी गेला, तेव्हा देवाच्या घराच्या माथ्यावर मुलालाच शोभेची आकृती म्हणून बसविलेले त्यास दिसले. त्या घरातील कोरीव खांब एकमेकांशी बोलत होते. रुआतेपुपुकेने घर पेटवून दिले, मुलाला सोडविले आणि परतताना काही खांब बरोबर आणले. परंतु घाईत हाती लागले ते ओसरीतील बाहेरचे खांब, आणि ते मुके होते. म्हणून मनुष्याजवळचे कोरीवकाम बोलत नाही. त्याच्या वतीने माणसाला बोलावे लागते. कथा म्हणून ती मनोरम आहेच. पण कोरलेल्या वस्तूला बोलणाऱ्या माणसांची साथ लागते, ही तिच्यातील जाण पुढील इतिहासाच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते.

ओंडक्यापासून पूर्वजापर्यंत

शाळेतील उमेदवारास पहिला परिचय होतो तो लाकडाचा. तोतारा या वृक्षाचे लाकूड कोरण्यास मऊ, सरळ रेषेत फाटणारे आणि पावसापाण्यात दीर्घकाळ टिकणारे असल्याने कारागिरांची पसंती त्यालाच असते. जुने प्रचंड तोतारा वृक्ष आता विरळ झाले आहेत व अरण्ये संरक्षित आहेत. त्यामुळे वादळात उन्मळून पडलेली झाडे किंवा दलदलीत शतकानुशतके गाडले गेलेले बुंधे यांचाही उपयोग केला जातो. झाड तोडावयाचे असल्यास अरण्यदेव ताने याची प्रार्थना प्रथम केली जाते, कारण वृक्ष हे त्याचे अपत्य समजले जाते.

हत्यारे दोन प्रकारची. एक ‘तोकी’, म्हणजे आपल्या सुताराचा वाकस. दुसरी ‘फाओ’, म्हणजे पटाशी. युरोपीय लोक येण्यापूर्वी ही दोन्ही हत्यारे दगडाची असत आणि त्यांत हिरव्या कठीण पाषाणाची पाती उत्तम गणली जात. आता पोलादाच्या पटाश्या वापरतात. प्रत्येक कारागिराजवळ अरुंद, रुंद, सपाट व गोलाकार अशा अनेक पटाश्यांचा संच असतो. वाकसाने आकृतीचे मोठे पृष्ठभाग उतरविले जातात आणि त्यानंतर पटाशीने नक्षी भरली जाते. या नक्षीचे काही ठरीव प्रकार आहेत. त्यांपैकी ‘राउपोंगा’ हा प्रकार पाहणाऱ्याच्या लवकर ध्यानात येतो. समांतर खोल रेषा आणि त्यांच्यामधून जाणारी दातेरी पट्टी अशी त्याची रचना असून नेच्याच्या पानावरून ती सुचली, असे सांगतात. आकृतीचे मस्तक शरीराच्या मानाने मोठे कोरतात, कारण मस्तक हा देहाचा सर्वांत पवित्र भाग. डोळ्यांच्या जागी ‘पाउआ’ या शिंपल्याचे निळेहिरवे चकचकीत तुकडे बसविले जातात.

काम करताना पाळावयाचे नियमही तितकेच महत्त्वाचे आहेत. कोरीवकाम हे ‘तापु’ आहे. मराठीत याला जवळचा शब्द ‘सोवळे’ हा होय. मात्र त्याचा जन्मजात उच्चनीचतेशी काही संबंध नाही. एखादी वस्तू, जागा किंवा कृती देवतांच्या व पूर्वजांच्या कक्षेत गेली की ती तापु होते आणि विधीने किंवा अन्नस्पर्शाने पुन्हा सामान्य व्यवहारात येते. यास्तव कारागीर कामाच्या जागी काही खात नाही. लाकडाच्या ढलप्या तोंडाने फुंकून उडविणे निषिद्ध आहे. त्या हाताने किंवा कुंच्याने झटकावयाच्या. त्या ढलप्यांवर अन्न शिजविले जात नाही. नवे सभागृह पूर्ण झाल्यावर पहाटे विधी करून त्यावरील तापु उतरविले जाते आणि मगच लोक आत प्रवेश करतात.

परंपरेने कोरीवकाम पुरुषांकडे व विणकाम स्त्रियांकडे राहिले. रोतोरुआच्या संस्थेतही हीच विभागणी दिसते. १९६९ साली तेथे विणकामाची शाळा सुरू झाली व एमिली शुस्टर यांनी ती दीर्घकाळ चालविली. कोरीवकामाच्या शाळेत मात्र माओरी वंशाच्या तरुण पुरुषांनाच घेतले जाई. या निर्बंधाविषयी माओरी समाजातही मतभेद आहेत. दुसरीकडे, स्त्रियांच्या विणलेल्या चौकटींशिवाय कोणतेही सभागृह पुरे होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

घरे परदेशी जातात

ही कला लोप पावण्याच्या वाटेवर कशी आली, हे समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे वळले पाहिजे. १८४० साली ब्रिटिश राजसत्ता व माओरी प्रमुख यांच्यात वैतांगीचा करार झाला. तथापि, पुढील दोन दशकांत जमिनीवरून युद्धे पेटली, मोठाले प्रदेश जप्त झाले आणि साथीच्या रोगांनी लोकसंख्या घटत गेली. १८९६ च्या गणतीत माओरींची संख्या सुमारे ४२ हजारच भरली. हा समाज लवकरच नामशेष होईल असे गोरे लोक उघडपणे बोलत. नामशेष होणाऱ्या समाजाच्या वस्तू जमवून ठेवाव्यात, ही वृत्ती मग ओघानेच आली.

गिस्बर्न नगराजवळील ‘ते हाउ की तूरांगा’ हे सभागृह १८४० च्या दशकाच्या आरंभी राहारुही रुकुपो या श्रेष्ठ कारागिराच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. १८६७ साली शासनाने ते त्याच्या धन्यांच्या संमतीवाचून उखडून राजधानी वेलिंग्टन येथील संग्रहालयात नेले. फाकाताने येथील न्गाती आवा जमातीचे ‘माताआतुआ’ हे सभागृह १८७९ साली सिडनीच्या प्रदर्शनासाठी नेण्यात आले. तेथे ते उभारताना भिंती उलट्या बसविल्या गेल्या, म्हणजे आतील कोरीवकाम बाहेरच्या बाजूस आले. येणाऱ्या-जाणाऱ्यास ते सहज दिसावे एवढाच हेतू! पूर्वजाचे पोट उलटे करून दाखविण्यासारखाच हा प्रकार होता. पुढे ते मेलबर्न व लंडन येथे फिरून न्यूझीलंडच्याच दक्षिण टोकाकडील ड्यूनेडिनच्या संग्रहालयात येऊन पडले. आपल्या लोकांत ते परतले १९९६ मध्ये आणि पुन्हा उभे राहून खुले झाले २०११ मध्ये.

रोतोरुआच्या परिसरातील दोन घरांची कहाणी शाळेशी अधिक निगडित आहे. तारावेरा ज्वालामुखीच्या परिसरात ते वाइरोआ नावाचे गाव होते. तेथून प्रवाशांना सिलिकाच्या गुलाबी व पांढऱ्या पायऱ्या दाखविण्यास नेत असत. या वाटाडेगिरीमुळे गावात पैसा आला, आणि १८८१ साली वेरो तारोई व तेने वाइतेरे या कारागिरांनी तेथे ‘हिनेमिही’ हे सभागृह कोरले. त्यातील पूर्वजांच्या डोळ्यांत शिंपल्यांऐवजी सोन्याची ब्रिटिश नाणी बसविली होती. त्या काळीही प्रवासी आणि कोरीवकाम यांचा संबंध किती निकटचा होता, हे यावरून दिसून येते. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा पर्वताचा स्फोट झाला. गाव राखेखाली गाडले गेले. हिनेमिहीत आश्रय घेतलेली माणसे मात्र वाचली. जगलेले लोक फाकारेवारेवाच्या खोऱ्यात स्थलांतरित झाले. १८९२ साली तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी ५० पौंडांस हिनेमिही विकत घेऊन इंग्लंडमधील सरे परगण्यात, क्लँडन पार्क येथील आपल्या वाड्याच्या बागेत नेऊन ठेवले.

दुसरे घर ‘राउरू’. फाकारेवारेवा येथील एका युरोपीय व्यावसायिकाने प्रवाशांना दाखविण्यासाठी तेने वाइतेरे, आनाहा ते राहुई आणि नेके कापुआ यांजकडून ते पुरे करून घेतले व १९०० साली खुले केले. चारच वर्षांत ते जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील संग्रहालयासाठी विकले गेले. कारागिरांना मजुरी मिळाली. मात्र घराचा आणि त्या परिसरातील लोकांचा संबंध तुटला.

न्गाता यांचा प्रयोग

अशा परिस्थितीत आपिराना न्गाता यांनी हे काम हाती घेतले. १८७४ साली न्गाती पोरोउ जमातीत जन्मलेले न्गाता हे न्यूझीलंडमध्ये विद्यापीठाची पदवी मिळविणारे पहिले माओरी. त्यांनी वकिलीची परीक्षा दिली, १९०५ ते १९४३ अशी सलग ३८ वर्षे संसदेत काढली आणि १९२८ ते १९३४ या काळात ते माओरी व्यवहार खात्याचे मंत्री होते. न्यूझीलंडच्या ५० डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र असून त्याच नोटेवर त्यांच्या जमातीचे पोरोउरांगी हे कोरीव सभागृहही दाखविले आहे. जमिनीच्या पुनर्वसनाचे व शेतीविकासाचे मोठे काम त्यांनी केले. पण जमीन सुधारली तरी माणसांना एकत्र येण्यास जागा नसेल तर समाज उभा राहणार नाही, असे त्यांचे मत होते. त्या काळी कोरलेले सभागृह बांधणारे हातच उरले नव्हते. थोडे वृद्ध कारागीर होते, तेही मुख्यतः रोतोरुआच्या परिसरातील ते आरावा जमातीत. कारण प्रवाशांमुळे तेथे कोरीवकामाला थोडी तरी मागणी टिकून होती.

न्गाता यांच्या प्रयत्नाने १९२६ साली माओरी कला व हस्तव्यवसाय कायदा संमत झाला आणि त्यान्वये १९२७ मध्ये रोतोरुआ येथे शाळा सुरू झाली. आरंभी विद्यार्थी पटाशी चालविण्यात तरबेज झाले, परंतु त्यांच्या आकृतींत जुन्या कामाचा जोम उतरेना. वाकसाने आकार उतरविण्याची मूळ पद्धतच शिकविणारा कोणी नव्हता. पिने ताइआपा या विद्यार्थ्याने अशा जाणकाराचा शोध घेण्याचा ध्यास धरला, आणि तो शोध अखेर एरामिहा कापुआ यांच्यापाशी येऊन थांबला. न्गाती ताराफाई या कारागिरांच्या कुळातील हे वृद्ध गृहस्थ म्हणजे राउरू कोरणाऱ्या नेके कापुआ यांचेच पुत्र. वडिलांनी कोरलेले घर हॅम्बुर्गला गेले होते. त्यांच्या हातातील वाकसाची विद्या मात्र मुलाकडे शिल्लक होती. कापुआ यांना शाळेत आणण्यात आले आणि एका पिढीपुरती तुटू पाहणारी साखळी सांधली गेली. एखादी कला जतन करावयाची तर तिच्या वस्तूंपेक्षा तिच्या जाणत्या माणसाचा पत्ता आधी शोधावा लागतो, ही गोष्ट या शाळेच्या चालकांना फार लवकर उमगली, हे त्यांचे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे.

१८६७ साली हिरावून नेलेले ते हाउ की तूरांगा हे सभागृहच या नव्या कारागिरांचा आदर्श नमुना ठरले, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग होय. १९३० च्या दशकात वेलिंग्टनचे संग्रहालय नव्या इमारतीत गेले, तेव्हा त्या सभागृहाच्या पुनर्उभारणीत शाळेत तयार झालेल्या मंडळींनीच काम केले. पुढे २०१२ च्या तडजोडीच्या कायद्यान्वये त्याची मालकी मूळच्या रोंगोफाकाता जमातीस परत मिळाली.

शाळेच्या कारागिरांनी देशभर सभागृहे उभी केली. त्यांत वैतांगी येथे १९४० साली, कराराच्या शताब्दीनिमित्त, उघडलेले सभागृह विशेष उल्लेखनीय आहे. ते कोणा एका कुळाचे नसून त्यात देशातील निरनिराळ्या जमातींच्या शैलींतील खांब एकत्र आणले आहेत. दरम्यान सरकारी पैसा आटला, शाळा १९३० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली आणि पाठोपाठ महायुद्ध आले. पिने ताइआपा व त्यांचे धाकटे बंधू होने यांनी आपले काम चालू ठेवले. न्गाता यांचे १९५० साली निधन झाले.

कारंजे शाळा चालविते

१९६३ च्या कायद्याने हा प्रयोग अधिक पक्क्या पायावर पुन्हा सुरू झाला. यावेळी शासनाने अनुदानावर भिस्त न ठेवता वेगळी व्यवस्था केली. फाकारेवारेवातील कारंजी पाहण्यास येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यावयाचे आणि त्यातून संस्था चालवावयाची. १९६७ साली कोरीवकामाची शाळा सुरू झाली व होने ताइआपा तिचे पहिले आचार्य झाले. उमेदवारीचा काळ तीन वर्षांचा. निरनिराळ्या जमातींतील थोडे तरुण निवडावयाचे, त्यांनी पूर्णवेळ शिकावयाचे आणि पुढे आपापल्या प्रदेशात जाऊन कामाला लागावयाचे, अशी योजना होती. पहिल्या तुकडीतील क्लाइव्ह फ्युगिल हे पुढे येथेच आचार्यपदास पोहोचले. १९७९ साली होने ताइआपा निवर्तले; संस्थेच्या आवारातील ‘ते आरोनुई-आ-रुआ’ हे सभागृह त्यानंतर दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, खुले झाले.

कारंज्यावर शाळा चालवावयाची तर कारंजे चालू राहिले पाहिजे, हा धडा १९८० च्या दशकात मिळाला. रोतोरुआत घरे व हॉटेले गरम ठेवण्यासाठी शेकडो विंधण-विहिरी घेतल्या गेल्या होत्या. त्यांतून होणाऱ्या उपशामुळे भूगर्भातील दाब उतरला, काही झरे आटले आणि पोहुतूचेही भवितव्य धोक्यात आले. तेव्हा १९८६ साली शासनाने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतील सर्व विहिरी बंद करण्याचा आदेश काढला. नागरिकांनी कडवा विरोध केला, कारण प्रत्येकाच्या दृष्टीने आपली विहीर लहानच होती. आदेश अमलात आला आणि पुढील वर्षांत कारंजी सावरली. सामायिक भूजलाच्या प्रश्नाशी झगडणाऱ्या कोणाही पंचायत सदस्यास हे प्रकरण परिचित वाटेल.

प्रवाशांच्या पैशावर कला पोसण्यात धोकेही आहेत, आणि या संस्थेवर त्यावरून टीका झालेली आहे. सज्जातून पाहणाऱ्यांच्या गर्दीसमोर काम करणारा उमेदवार हा विद्यार्थी की प्रदर्शनातील वस्तू? दुकानात विकल्या जाणाऱ्या लहान आकृती आणि सभागृहाचा खांब यांत फरक राहतो काय? दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. न्गाता यांच्या शाळेने एका ठरावीक काळाची शैली प्रमाण मानली, त्यामुळे प्रादेशिक वैविध्य काहीसे झाकले गेले आणि नवे करून पाहण्याची वृत्ती दबली, असे अनेक अभ्यासक म्हणतात. या बंधनाबाहेर पडलेल्या कलावंतांत क्लिफ व्हायटिंग यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. वेलिंग्टनच्या ते पापा या १९९८ साली उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयातील माराए त्यांनी कृत्रिम फळ्यांतून कोरून झगझगीत रंगांत रंगविला. आक्षेपात तथ्य आहे. परंतु १९२७ साली प्रश्न शैलीच्या वैविध्याचा नसून वाकस धरणारा एखादा तरी हात उरेल की नाही, हा होता. बंड करावयासही आधी एखादी रूढी शिल्लक असावी लागते.

पाहुण्याने कसे जावे

माराएवर पाहुणा आपण होऊन आत जात नाही. तो दाराशी थांबतो. आतून स्त्रीचा दीर्घ, उंच स्वरातील पुकार येतो, पाहुण्यांच्या बाजूची स्त्री त्यास उत्तर देते आणि मग मंडळी सावकाश अंगण ओलांडतात. मोठ्या प्रसंगी भालाधारी योद्धा पुढे येऊन पाहुण्याच्या पुढ्यात डहाळी ठेवतो; ती उचलणे म्हणजे आम्ही सलोख्याने आलो आहोत असे सांगणे. त्यानंतर भाषणे, प्रत्येक भाषणानंतर गीत, आणि शेवटी नाकाला नाक लावून एकमेकांचा श्वास वाटून घेणे. या क्रमात मृतांचे स्मरण कधीही चुकविले जात नाही. सर्व झाल्यावर जेवण. त्यानेच पाहुणेपणाचे तापु उतरते. सभागृहात जोडे काढून जावे, आत खाऊ नये, उशीवर बसू नये (कारण तेथे मस्तक टेकते) आणि परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. यातील पहिल्या दोन गोष्टी मराठी पाहुण्यास मुद्दाम सांगाव्या लागणार नाहीत.

ते पुइआमध्ये प्रवाशांसाठी हा विधी संक्षिप्त स्वरूपात केला जातो आणि प्रवाशांपैकीच एकास ‘प्रमुख’ नेमून डहाळी उचलावयास लावतात. त्यात देखाव्याचा अंश असतोच. परंतु ज्यांनी केवळ कारंजे पाहण्यासाठी तिकीट काढले, त्यांनाही अंगण म्हणजे काय याची थोडीशी तरी जाणीव होते.

मालकी

फाकारेवारेवा खोऱ्याचा बराच भाग १८९० च्या दशकात शासनाच्या ताब्यात गेला होता. ज्यांच्या पूर्वजांच्या जमिनीवर, ज्यांच्या परंपरेच्या बळावर ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली, त्या स्थानिक कुळांचा तिच्यावर मालकी हक्क नव्हता. २००९ च्या कायद्याने खोऱ्यातील जमीन त्यांना परत करण्यात आली आणि २०२० साली आणखी एक कायदा होऊन शासनाने संस्थाही न्गाती फाकाउए व वाहिआओ या कुळांच्या प्रतिनिधींकडे सोपविली. राष्ट्रीय शाळा म्हणून सर्व जमातींच्या तरुणांना शिकविण्याची जबाबदारी त्यांनी पुढे चालवावयाची होती. काळ मात्र मोठा कठीण निघाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या, परदेशी प्रवासी थांबले आणि प्रवेशशुल्कावर उभी असलेली व्यवस्था किती नाजूक होती, हे नव्या धन्यांना पहिल्याच दिवसापासून अनुभवावे लागले.

२०२३ च्या जनगणनेत माओरी म्हणून नोंदविलेल्यांची संख्या सुमारे ८ लाख ८७ हजार झाली आहे. दूर गेलेल्या घरांची विचारपूसही आता त्यांचे वंशज जातीने करतात. क्लँडन पार्कचा वाडा २०१५ साली आगीत जळाला, तेव्हा बागेतील हिनेमिही बचावली. त्यानंतर २०१९ साली ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने तिचे मूळ कोरीवकाम न्यूझीलंडला परत देण्यास तत्त्वतः मान्यता दिली. अट परस्परसंमतीची होती. जुने खांब मायदेशी यावयाचे आणि त्यांच्या बदल्यात क्लँडनसाठी नवे कोरून पाठवावयाचे. या वाटाघाटीत तेने वाइतेरे यांचे वंशज सहभागी झाले असून नव्या कोरीवकामासाठी रोतोरुआच्या याच संस्थेचे सहकार्य घेण्याचे ठरले.